फाइल मॅनेजरच्या बाजूच्या पट्टीची मांडणी आणि रुंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाइल मॅनेजरच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला असणाऱ्या पट्टीविषयी वाचक वरचेवर जे प्रश्न पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सर्वाधिक प्रश्न विंडोजच्या फाइल एक्सप्लोररविषयी येत असल्याने त्याला जास्त जागा दिली आहे. लिनक्सवरील डॉल्फिन, नेमो, थुनार आणि ग्नोम या डेस्कटॉपचा ‘फाइल्स’ या फाइल मॅनेजरांचे प्रश्न त्यानंतर घेतले आहेत आणि मॅकच्या फाइंडरचा उल्लेख जरुरीपुरता आहे. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. पट्टीची रुंदी तीन ठिकाणांहून ठरते: आपण दुभाजक रेषा कोठे ओढून ठेवली आहे, पट्टीतील मजकुराला कमीत कमी किती जागा लागते, आणि मागच्या वेळी प्रोग्रॅमने कोणता आकडा नोंदवून ठेवला आहे. तक्रार या तिन्हींपैकी कशामुळे उद्भवली ते आधी ओळखले, तर उपाय सहसा एका मिनिटाचा असतो.

१. बाजूची पट्टी म्हणजे नेमकी कोणती? प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तिचे नाव वेगळे का दिसते?

डावीकडे ड्राइव्ह, नेहमीचे फोल्डर आणि फोल्डरांचे झाड दाखवणारी जी उभी पट्टी असते, तिला विंडोजमध्ये नेव्हिगेशन पेन म्हणतात, फाइंडर, नेमो आणि फाइल्समध्ये साइडबार, थुनारमध्ये साइड पेन, तर डॉल्फिनमध्ये प्लेसेस पॅनेल आणि फोल्डर्स पॅनेल अशी दोन स्वतंत्र पॅनेले. उजवीकडची पट्टी निवडलेल्या फाइलचा आशय किंवा तपशील दाखवते. विंडोजमध्ये ती प्रिव्ह्यू पेन किंवा डिटेल्स पेन असते आणि डॉल्फिनमध्ये इन्फर्मेशन पॅनेल. या पानावर नुसते ‘पट्टी’ म्हटले असेल तेथे डावीकडची पट्टी समजावी. उजवीकडच्या पट्टीसाठी प्रश्न १० पाहावा.

२. डावीकडची पट्टी पूर्णपणे नाहीशी झाली आहे. ती परत कशी आणावी?

विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’ मेनूतील ‘शो’ या उपमेनूत ‘नेव्हिगेशन पेन’ समोर खूण करावी. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ टॅबच्या अगदी डाव्या टोकाला त्याच नावाचे बटण आहे, आणि विंडोज ७ अजूनही वापरात असेल तर ‘ऑर्गनाइझ’ मेनूतील ‘लेआउट’ मध्ये हा पर्याय मिळतो. नेमो, फाइल्स आणि डॉल्फिन या तिन्हींमध्ये एफ९ ही एकच कळ पुरते, आणि पुष्कळदा पट्टी जाते तीही ही कळ नकळत दाबली गेल्यामुळेच. थुनारमध्ये कंट्रोल + बी दाबल्यास शॉर्टकटांची पट्टी येते आणि कंट्रोल + ई दाबल्यास झाडाची. फाइंडरमध्ये दुभाजक फार डावीकडे ओढला गेला तर पट्टी मिटते, आणि तेथे ‘व्ह्यू’ मेनूतील ‘शो साइडबार’ निवडावे लागते.

ग्नोमच्या फाइल्समध्ये विंडो अरुंद केल्यावर पट्टी आपोआप लपते. तो बिघाड नाही. त्याचे कारण प्रश्न ११ मध्ये दिले आहे.

३. रुंदी बदलण्यासाठी दुभाजक रेषा सापडतच नाही. नेमके कोठे धरावे?

पट्टी जेथे संपते आणि फाइलींची यादी जेथे सुरू होते त्या सीमेवर माऊस सावकाश आडवा न्यावा. माऊसच्या बाणाचे रूप दोन टोकांच्या आडव्या बाणात बदलते, तेवढीच ओढण्याची जागा असते आणि ती जेमतेम काही पिक्सेल रुंद असते. पट्टीतील यादी लांब असेल तर तिची उभी स्क्रोलपट्टी याच सीमेला लागून येते, त्यामुळे दुभाजकाऐवजी स्क्रोलपट्टीच हातात येते आणि रुंदी न बदलता यादी वरखाली होते. अशा वेळी माऊस स्क्रोलपट्टीच्या उजवीकडे अगदी थोडा सरकवावा. लॅपटॉपच्या टचपॅडवर ही रेषा पकडणे कठीण जाते, तेव्हा त्या कामापुरता साधा माऊस जोडणे हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग आहे.

४. विंडोजमध्ये पट्टी इतकी रुंद झाली आहे की फाइली दिसतच नाहीत, आणि दुभाजक विंडोच्या बाहेर गेल्यासारखा वाटतो. काय करावे?

प्रथम विंडो मोठी करून पाहावी. मोठ्या मॉनिटरवर ठरवलेली रुंदी लहान विंडोत उघडली गेल्याने दुभाजक उजव्या कडेला चिकटलेला असतो आणि विंडो पूर्ण पडद्यावर पसरल्यावर तो पुन्हा हाताशी येतो. तसे झाले नाही, तर नोंदवलेला आकडाच पुसावा लागतो.

हा आकडा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्ज साठवण्याच्या तिच्या अंतर्गत नोंदवहीत, असतो. रजिस्ट्री एडिटर उघडून एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर, मॉड्यूल्स, ग्लोबल सेटिंग्ज, सायझर असा क्रमाने प्रवास करावा. उजवीकडे ‘पेज स्पेस कंट्रोल सायझर’ हे सलग लिहिलेले नाव दिसेल. नेव्हिगेशन पेनची रुंदी तेथेच असते. ती एकच नोंद काढून टाकल्यास पुढच्या वेळी विंडोज मूळ रुंदीपासून सुरुवात करते. शेजारच्या नोंदी इतर पट्ट्यांच्या असतात, त्यांना हात लावू नये. नोंद काढण्यापूर्वी ‘फाइल’ मेनूतील ‘एक्सपोर्ट’ वापरून ‘सायझर’ या शाखेची प्रत ठेवावी. रजिस्ट्रीत ‘अनडू’ नसते, म्हणून हा सल्ला केवळ औपचारिक समजू नये.

५. ती नोंद काढली, तरी नवी विंडो जुन्याच रुंदीने उघडते. असे का?

कारण क्रम चुकला आहे. एक्सप्लोररची विंडो बंद होताना आपली त्या क्षणीची मांडणी परत लिहिते. म्हणजे विंडो उघडी ठेवून नोंद काढली आणि नंतर ती विंडो बंद केली, की तोच आकडा पुन्हा जागेवर येतो. म्हणून आधी एक्सप्लोररच्या सर्व विंडो बंद कराव्यात, मग नोंद काढावी, त्यानंतर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधून ‘रीस्टार्ट’ करावे. टास्कबार क्षणभर जाऊन परत येतो, त्याने घाबरू नये. याच कारणाने एकाच वेळी दोन विंडो वेगवेगळ्या रुंदीच्या असतील तर जी शेवटी बंद होईल तिची रुंदी टिकते. कित्येकांना ‘विंडोज माझी रुंदी लक्षात ठेवत नाही’ असे वाटते, तेव्हा प्रत्यक्षात त्याने दुसऱ्या विंडोची रुंदी लक्षात ठेवलेली असते.

६. ‘फोल्डर ऑप्शन्स’ मधील ‘रीसेट फोल्डर्स’ आणि ‘अप्लाय टू फोल्डर्स’ ही बटणे वापरली, तरी पट्टी जशीच्या तशी राहिली. ती बटणे चालत नाहीत का?

ती चालतात, पण त्यांचे काम वेगळे आहे. ती बटणे फाइलींच्या यादीचे स्वरूप, म्हणजे आयकॉन की तपशील, कोणते स्तंभ, कोणत्या क्रमाने, एवढेच सांभाळतात. पट्टीची रुंदी सर्व फोल्डरांसाठी सामाईक असते आणि प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या वेगळ्या ठिकाणी राहते. उलट बाजूही तितकीच खरी आहे: पट्टीची नोंद पुसल्याने फोल्डरांच्या मांडणीला कोणताही धक्का लागत नाही.

७. लांब नावे अर्धवट दिसतात आणि पट्टीच्या तळाशी आडवी स्क्रोलपट्टीही नाही. ती कोठे सुरू करावी?

ती सुरू करण्याची सोय नाही. विंडोज एक्सपीपर्यंत झाडाखाली आडवी स्क्रोलपट्टी असे. व्हिस्टापासून ती काढून त्याजागी झाड माऊसच्या स्थानानुसार आपोआप आडवे सरकावे अशी व्यवस्था करण्यात आली. खोलवरच्या फोल्डरवर माऊस नेल्यावर सगळे झाड डावीकडे सरकते, ते याच व्यवस्थेमुळे. आमच्या मते ही सुधारणा कमी आणि अडचण जास्त आहे, कारण आपण ज्या फोल्डरवर क्लिक करायला निघालो तोच ऐनवेळी माऊसखालून निसटतो. परंतु ही सवय मोडण्यासाठी विंडोजमध्ये बटण दिलेले नाही.

उपाय नावांच्या बाजूने करता येतो. एखाद्या कार्यालयात ‘महसूल विभाग पत्रव्यवहार २०२२-२३’, ‘महसूल विभाग पत्रव्यवहार २०२३-२४’ आणि ‘महसूल विभाग लेखापरीक्षण’ असे तीन फोल्डर असतील, तर अरुंद पट्टीत तिन्ही ‘महसूल विभाग…’ एवढेच दिसतात आणि प्रत्येकावर माऊस थांबवून नाव वाचावे लागते. वर्ष किंवा विषय आधी आणि विभाग नंतर ठेवला, म्हणजे ‘२०२३-२४ महसूल पत्रव्यवहार’ असे लिहिले, की पट्टी न वाढवताही फोल्डर ओळखता येतात. फोल्डरांची खोली कमी करणे हाही तितकाच परिणामकारक मार्ग आहे, कारण प्रत्येक पातळीला नाव उजवीकडे ढकलले जाते आणि सहाव्या-सातव्या पातळीवर नावापेक्षा मोकळी जागाच अधिक होते.

८. उजवीकडे एखादा फोल्डर उघडला की डावीकडचे झाड उलगडून भलतीकडेच उडी मारते. हे थांबवता येईल का?

होय. पट्टीतील मोकळ्या जागेवर राइट-क्लिक केल्यास एक लहान मेनू येतो. त्यातील ‘एक्सपांड टू ओपन फोल्डर’, आणि विंडोज ११ मध्ये ‘एक्सपांड टू करंट फोल्डर’, यासमोरची खूण काढावी. खूण असेपर्यंत झाड प्रत्येक वेळी चालू फोल्डरपर्यंत उलगडते आणि तो दृष्टीस पडावा म्हणून यादी सरकवते. पट्टीत मोकळी जागाच उरलेली नसेल तर हाच पर्याय ‘फोल्डर ऑप्शन्स’ मधील ‘व्ह्यू’ टॅबमध्ये यादीच्या तळाशी मिळतो.

९. पट्टीतील ओळींमधले अंतर फार वाढले आहे. आणि मराठी नावांच्या मात्रा कधी कधी वरून कापल्या जातात. या दोन्हींचा संबंध आहे का?

थेट संबंध नाही, पण एकीचा उपाय दुसरीला बाधतो, म्हणून दोन्ही एकत्र घेतो.

विंडोज ११ मध्ये बोटाने वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी ओळींमधील अंतर वाढवले गेले. ‘व्ह्यू’ मेनूतील ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’ निवडल्यास ते बरेचसे पूर्वीसारखे होते, यादीतही आणि पट्टीतही. मॅकवर पट्टीची घनता आयकॉनच्या आकाराने ठरते; ‘सिस्टिम सेटिंग्ज’ मधील ‘अपिअरन्स’ या विभागात साइडबारच्या आयकॉनसाठी लहान, मध्यम आणि मोठा असे तीन आकार आहेत. डॉल्फिनमध्ये प्लेसेस पॅनेलवर राइट-क्लिक करून आयकॉनचा आकार बदलता येतो.

मात्रांचे कारण टंकांत आहे. विंडोजच्या सेगो यूआय या मुख्य टंकात देवनागरी नाही. देवनागरी अक्षरे निर्मला यूआय या दुसऱ्या टंकातून घेतली जातात. झाडातील सर्व ओळी मात्र एकाच उंचीच्या असतात आणि ती उंची मुख्य टंक व आयकॉन यांवरून आधीच ठरलेली असते. त्यामुळे रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक आलेल्या नावात, जसे ‘वर्गीं’, वरचा भाग काठाला टेकतो. कॉम्पॅक्ट व्ह्यूमध्ये तर अधिकच. अशी नावे बरीच असतील तर कॉम्पॅक्ट व्ह्यू बंद ठेवणे श्रेयस्कर. ग्नोमच्या घराण्यातील प्रोग्रॅम याच्या उलट वागतात. ते प्रत्येक मजकुराची उंची त्यात प्रत्यक्ष वापरलेल्या टंकावरून मोजतात, त्यामुळे मात्रा कापल्या जात नाहीत, पण मराठी नावांच्या ओळी इंग्रजी नावांच्या ओळींपेक्षा किंचित उंच होतात आणि यादी असमान दिसते. इंटरफेसचा मुख्य टंक म्हणून नोटो सान्स देवनागरी निवडल्यास उंचीतला हा फरक बराच कमी होतो.

१०. उजवीकडचे प्रिव्ह्यू पेन अर्धी विंडो व्यापते. ते लहान कसे करावे किंवा बंद कसे करावे?

त्याच्या डाव्या सीमेवरचा दुभाजक उजवीकडे ओढावा. तो शोधण्याची रीत प्रश्न ३ प्रमाणेच. बंद करण्यासाठी ऑल्ट + पी. तपशिलाची पट्टी उघडी असेल तर ऑल्ट + शिफ्ट + पी. ही दोन्ही एका वेळी उघडी राहत नाहीत. एक उघडले की दुसरे मिटते, त्यामुळे ‘मी बंद केलेली पट्टी पुन्हा आली’ असे वाटल्यास आलेली पट्टी तीच आहे ना, हे आधी पाहावे.

११. ग्नोमच्या फाइल्समध्ये पट्टीचा दुभाजक पूर्वी ओढता येत असे. आता येत नाही. सेटिंग कोठे गेली?

ती सेटिंग लपलेली नाही, ती रचनेतूनच गेली आहे. सप्टेंबर २०२२ मधील ग्नोम ४३ पासून फाइल्स हा प्रोग्रॅम जीटीके ४ आणि लिबअद्वैता (विंडो, बटणे वगैरेंचे तयार घटकसंच) यांवर आणला गेला, आणि पट्टीची रुंदी वापरणाऱ्याने ठरवण्याऐवजी विंडोच्या रुंदीवरून ठरू लागली. लिबअद्वैतामध्ये अशा पट्टीसाठी जो घटक आज वापरला जातो, त्याचे मूळ आकडे विंडोच्या एक चतुर्थांश रुंदी, कमीत कमी १८० आणि जास्तीत जास्त २८० असे आहेत; प्रत्येक प्रोग्रॅम ते आपल्यापुरते बदलू शकतो. विंडो एका मर्यादेखाली अरुंद झाली की पट्टी बाजूला न राहता फाइलींच्या वर सरकून येते आणि काम झाले की मिटते.

जुन्या लेखांत डीकॉन्फ एडिटरमधून (लिनक्स प्रोग्रॅमांच्या मेनूत नसलेल्या सेटिंग्ज बदलण्याचे साधन) ‘साइडबार विड्थ’ हा आकडा बदलावा असे लिहिलेले आढळते. तो सल्ला आधीच्या आवृत्त्यांसाठी बरोबर होता. नव्या आवृत्तीत पट्टीतील नावे कापली जात असतील तर बुकमार्कला राइट-क्लिक करून आखूड नाव द्यावे; त्याने मूळ फोल्डरचे नाव बदलत नाही. रुंद पट्टीवाचून काम अडतच असेल तर नेमो बसवून घेणे हा सरळ मार्ग आहे.

१२. नेमो आणि थुनारमध्ये रुंदी आकड्यानेच कायम ठरवून ठेवता येते का?

येते. नेमोसाठी डीकॉन्फ एडिटरमध्ये ‘ऑर्ग’, ‘नेमो’, ‘विंडो स्टेट’ असे जाऊन ‘साइडबार विड्थ’ बदलावा. थुनारसाठी एक्सएफसीई या त्याच्या डेस्कटॉपच्या सेटिंग्ज एडिटरमध्ये थुनारचा विभाग उघडून ‘लास्ट सेपरेटर पोझिशन’ हा आकडा बदलावा. थुनार पुष्कळदा विंडो बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू राहतो. त्यामुळे बदल दिसला नाही तर टर्मिनलमधून त्याला ‘क्विट’ चा पर्याय देऊन पूर्ण बंद करावे आणि पुन्हा उघडावे.

नेमोमध्ये झाड जाऊन नुसत्या जागांची यादी आली, किंवा उलट झाले, तर तळाच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यातील लहान बटणे पाहावीत. ती याच अदलाबदलीसाठी आहेत आणि चुकून दाबली जातात.

१३. डॉल्फिनचे पॅनेल विंडोतून सुटून वेगळे तरंगू लागले आहे किंवा दुसऱ्या पॅनेलवर टॅबसारखे बसले आहे. पूर्ववत कसे करावे?

डॉल्फिनची पॅनेले विंडोच्या कोणत्याही बाजूला नेता येतात; सोडवून वेगळीही ठेवता येतात. मूळ स्थितीत ती कुलूपबंद असतात. पॅनेलवर राइट-क्लिक करून ‘अनलॉक पॅनेल्स’ निवडले की प्रत्येकाच्या माथ्यावर शीर्षकपट्टी येते. तरंगणारे पॅनेल त्या शीर्षकपट्टीने धरून डाव्या काठाकडे न्यावे. जागा करून दिली जात आहे असे दिसले की सोडावे. शीर्षकपट्टीवर डबल-क्लिक केल्यासही ते सहसा आपल्या जुन्या जागी बसते. टॅब झालेल्या पॅनेलला तसेच बाहेर ओढून दुसऱ्याच्या वरच्या किंवा खालच्या काठाजवळ सोडावे, मध्यभागी सोडल्यास पुन्हा टॅबच होतो. मांडणी मनासारखी झाली की ‘लॉक पॅनेल्स’ करायला विसरू नये.

काहीच जमेना, तर डॉल्फिन बंद करून घरच्या फोल्डरातील लपलेल्या ‘लोकल’ फोल्डरात, त्यातील ‘स्टेट’ मध्ये असलेली डॉल्फिनची ‘स्टेट आरसी’ फाइल दुसरीकडे हलवावी. जुन्या आवृत्त्यांत ती ‘शेअर’ मधील डॉल्फिनच्या फोल्डरात असते. क्रमाविषयीचा प्रश्न ५ मधील इशारा येथेही लागू आहे.

१४. डॉल्फिनमध्ये प्लेसेस पॅनेल एका हद्दीपलीकडे अरुंद होतच नाही. त्यातली नावे तर लहान आहेत. मग अडते कोठे?

बहुधा ते त्याच्या खाली किंवा वर असलेल्या शेजाऱ्याशी अडते. एका बाजूला एकाखाली एक लावलेली पॅनेले एकच रुंदी वाटून घेतात, आणि त्यांतील ज्याला किमान जागा सर्वांत जास्त लागते त्याच्या मापाने सगळी बाजू अडते. एकेक पॅनेल क्षणभर बंद करून पाहावे. फोल्डर्ससाठी एफ७, इन्फर्मेशनसाठी एफ११. जे बंद केल्यावर दुभाजक मोकळा होतो, ते विंडोच्या दुसऱ्या बाजूला हलवावे.

१५. लॅपटॉपवर पट्टी अवाढव्य वाटते, पण बाहेरच्या मॉनिटरवर ठीक दिसते. दोन्हीकडे रुंदी तर तीच आहे.

आकडा तोच असला तरी उपलब्ध जागा तेवढीच नसते. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर स्केलिंग (अक्षरे व आयकॉन मोठे दाखवण्याचे प्रमाण) १५० टक्के ठेवले तर प्रोग्रॅमच्या दृष्टीने रुंदी १२८० उरते. १३६६ पिक्सेलच्या साध्या लॅपटॉपवर १२५ टक्के केले तर ती सुमारे १०९३ भरते, आणि २८० ची पट्टी त्यातला एक चतुर्थांशाहून अधिक भाग घेते. तीच पट्टी १०० टक्क्यांच्या १९२० पडद्यावर सातव्या हिश्श्याइतकी असते. अक्षरे वाचता यावीत म्हणून स्केलिंग वाढवले असेल, तर ते तसेच ठेवून लॅपटॉपवर पट्टी बंद-चालू करण्याची सवय लावून घेणे अधिक सोयीचे. त्यासाठीच्या कळा प्रश्न २ मध्ये आहेत. विंडोजच्या नेव्हिगेशन पेनसाठी मात्र अशी तयार कळ नाही, तेथे मेनूतूनच जावे लागते.

१६. फाइल मॅनेजरमध्ये पट्टी बरोबर आहे, पण ‘ओपन’ किंवा ‘सेव्ह ॲज’ ची चौकट उघडली की तिच्यातील पट्टी वेगळ्याच रुंदीची दिसते. ती कोठे बदलावी?

त्या चौकटीतच. ती फाइल मॅनेजरसारखी दिसते, पण तिचा हिशेब स्वतंत्र असतो. विंडोजमध्ये या चौकटीचा आकार, स्थान आणि शेवटचा फोल्डर हे साधारणपणे ती उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावानुसार नोंदवले जातात. त्यामुळे वर्डमध्ये मोठी करून ठेवलेली चौकट ब्राउझरमध्ये लहानच उघडू शकते. जीटीके वापरणाऱ्या लिनक्स प्रोग्रॅमांत या चौकटीच्या पट्टीसाठी डीकॉन्फमध्ये ‘फाइल चूझर’ या विभागाखाली वेगळा ‘साइडबार विड्थ’ आहे, आणि नेमोचा आकडा बदलल्याने तो बदलत नाही. केडीई या डॉल्फिनच्या डेस्कटॉपमधील चौकटीची रुंदीही डॉल्फिनपासून अलग, केडीईच्या सामाईक सेटिंग्जच्या फाइलमध्ये राहते. चौकटीतील दुभाजक एकदा ओढून ‘कॅन्सल’ केल्यावर रुंदी टिकली नाही, तर पुढच्या वेळी एखादी फाइल खरोखर उघडून किंवा सेव्ह करून चौकट बंद करून पाहावी.